स्विफ्ट पेट्रोलला (२०१९) १८ हजारांचं कोन फिल्टर आणि इनटेक किट बसवावं का? पिकअप आणि मायलेज वाढेल का?

नका बसवू. (कोन म्हणजे कंपनीच्या बंद डब्यातल्या कागदी एअर फिल्टरऐवजी बसणारा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर; किटमध्ये त्याचा हवेचा पाइपही येतो.) आवाजासाठी हवं असेल तर खुशाल बसवा, पण मग पिकअपचं नाव काढू नका.

माझ्याकडे हीच गाडी, हेच इंजिन आहे. साडूंकडेही तीच. आम्ही कोल्हापूरचे, मी शिरोली एमआयडीसीत सिलिंडर हेडच्या मशीनिंगवर आहे, म्हणजे हवा ज्या भोकातून आत जाते ते भोक मोजणं हाच माझा धंदा. तरी साडूंनी किट बसवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात एका बारशाच्या पंगतीत सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "थोरल्या जावयाची गाडी बघा कशी उठते. तुमची म्हणजे शिलाई मशीन." साडूंनी वर पुस्ती जोडली, "कंपनीवाले मुद्दाम दाबून ठेवतात हो पाव्हणं, तुम्हाला नाही कळायचं." तेव्हा मी गप्प जेवलो. पण ओबीडीचा ब्लूटूथ स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र, त्याच रात्री मागवला.

आता नीट वाचा, कारण ही तपासणी तुम्हालाही घरच्या घरी करता येईल. चावी ऑन, इंजिन बंद ठेवा आणि मॅप सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघा. तो बाहेरच्या हवेचा दाब. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, त्यामुळे आमच्याकडे ९५ किलोपास्कल दिसतो. मुंबईत १०० च्या आसपास दिसेल. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पॅडल दाबून लाल रेषेजवळ न्या. आकडा शेजारच्याला वाचायला सांगा, स्वतः वाचू नका. कागल रोडला माझ्या गाडीत साडूच शेजारी बसले होते. आकडा आला ९२.

म्हणजे फिल्टर, डबा, पाइप आणि थ्रॉटल बॉडी, सगळं मिळून अडवतंय ३ किलोपास्कल. ३ टक्के. हे सगळंच्या सगळं काढून फेकलं तरी ८३ पीएसच्या इंजिनात अडीच पीएसच्या वर काही निघणार नाही, आणि किट फक्त फिल्टर न् पाइप बदलतं. ६००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला साधारण ३,६०० लिटर हवा ओढतं, ती त्या कागदी फिल्टरमधून बिनतक्रार जाते. शिवाय तुम्ही रोज ६००० ला चालवता का? गावात अर्धंमुर्धं पॅडल असताना हवा थ्रॉटलची झडपच अडवते. तिच्या पुढे फिल्टर कागदाचा आहे की सोन्याचा, काही फरक पडत नाही.

यानंतर साडूंची गाडी. दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये दोन्ही गाड्यांचं इनटेक टेंपरेचर बघितलं. माझं ४२, त्यांचं ६३. साहजिकच! कंपनीचा डबा पुढून बाहेरची हवा घेतो, उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा पितो. त्या २१ अंशांत हवा ६ टक्क्यांहून जास्त विरळ होते. मिळवायचे होते जेमतेम ३, घालवले ६. गाडी पळायला लागली की हा फरक बराच कमी होतो, हेही खरं. पण सिग्नलवरून उठतानाच तर त्यांना सासऱ्यांना दाखवायचं होतं.

मग त्यांना पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? कंपनीच्या डब्यात आणि रेझोनेटरमध्ये इनटेकचा आवाज दबतो. तो काढला की तेवढ्याच वेगाला इंजिन गुरगुरतं, आणि माणसाला वाटतं गाडी उडाली.

मायलेज: वाढणार नाही. जेवढी हवा आत येते त्या हिशोबात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो. फिल्टर मळला तरी अशा गाडीत पिकअप जातो, मायलेज फारसं नाही.

धुळीचं मात्र गंभीरपणे घ्या. ऊसतोडणीच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे गाडी चालवून बघा. स्वस्त कोनच्या जाळीतून बारीक वाळू आत जाते आणि पिस्टन रिंग घासते; ते लगेच दिसत नाही, ऑइल प्यायला लागल्यावर दिसतं. कागदी फिल्टर तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो वेळेवर बदला, उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या.

टर्बो गाडी असेल, रीमॅप केली असेल (जास्त ताकदीसाठी ईसीयूची सेटिंग बदलली असेल), तर गोष्ट वेगळी. तिथे हवा खरंच कमी पडू शकते. ट्रॅकवर पळवणाऱ्यांचंही सोडा. आणि ज्या किटचा पाइप बंपरमध्ये खाली उतरतो ते आपल्या पावसात अजिबात नको. पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाचं जादा विमा कवच) घेतलेलं नसेल तर विमावाले सहसा हात वर करतात.

एवढं सांगूनही बसवणारच असाल तर जुना डबा माळ्यावर जपून ठेवा. साडूंनी भंगारात दिला. आता गाडी विकायची आहे आणि गिऱ्हाईक ओरिजिनल डबा मागतंय, म्हणून परवा मला फोन आला होता, तुमच्या ओळखीत कुठे मिळेल का. शिरोलीतल्या भंगारवाल्याचा नंबर पाठवला.