माऊस परत द्या

पत्राचा सारांश: वडील 22 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मुलगी कॉम्प्युटरच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला. गणितात 78, प्रोग्रॅमिंगच्या थिअरीत 71, प्रॅक्टिकलमध्ये 43. वडिलांनी तिच्या लॅपटॉपवरचा एडिटर (प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) काढून व्हिम हा फक्त कीबोर्डवर चालवता येणारा एडिटर टाकला, त्यात स्वतःची 412 ओळींची सेटिंग्जची फाइल घातली आणि माऊस कपाटात ठेवला. रोज संध्याकाळी स्टॉपवॉच लावून वीस मिनिटं सराव घेतात. तरी वेग येत नाही, प्रोग्रॅममध्ये भलतीच अक्षरं राहतात, एकदा तर अख्खी असाइनमेंट गेली. ‘हिला या क्षेत्रात गती नाही. शाखा बदलावी का?’ असं विचारलं आहे. फाइलही सोबत जोडली आहे.

नमस्कार.

शाखा बदलू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आता जे तुम्ही विचारलं नाहीत त्याबद्दल.

तुमच्या पत्राचं दीड पान एडिटरबद्दल आहे आणि मुलीबद्दल जेमतेम सात ओळी. त्यातल्या तीन ओळी तिच्या मार्कांच्या. एका ओळीत सराव करताना ती रडली असा उल्लेख येतो आणि लगेच पुढे ‘मलाही शिकवणारं कोणी नव्हतं’ हे वाक्य. नव्हतं, मान्य. पण तुमच्या पाठीमागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहणारंही कोणी नव्हतं. चुकलं तर तुम्ही एकटेच हसलात, शिव्या घातल्यात, पुन्हा बसलात. ती चैन तुम्हाला मिळाली, तिला मिळत नाही.

मी तुमची फाइल वाचली. समुपदेशनाकडे वळण्याआधी काही वर्षं मी प्रोग्रॅमिंग शिकवत होते, त्यामुळे अशा फाइली वाचायची खोड आहे. फाइल उत्तम आहे, पण ती तुमची आहे. तिच्यातल्या दोन ओळींनी मुलीचे मार्क खाल्ले आहेत.

पहिली ओळ. व्हिममध्ये टाइप करणं थांबवून आज्ञा द्यायची तर आधी एस्केप दाबावं लागतं. टाइप करता करता ‘जे’ आणि ‘के’ पाठोपाठ दाबले की एस्केपचं काम व्हावं, अशी सोय तुम्ही केली आहे. हात कोपऱ्यातल्या बटणापर्यंत न्यावा लागत नाही, छान आहे. पण कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर तुमची फाइल नाही. महिनाभर घोटलेली बोटं तिथेही सवयीने ‘जेके’ दाबतात आणि ती दोन अक्षरं सरळ प्रोग्रॅममध्ये उमटतात. शिक्षकांनी दाखवलेली ‘भलतीच अक्षरं’ तीच, हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे आणि पुढे त्याला निष्काळजीपणा म्हटलं आहे. तिने तर तुम्ही शिकवलेलं तंतोतंत पाळलं.

दुसरी ओळ जास्त महागात पडली. व्हिम मूळ अवस्थेत तुमचं न साठवलेलं काम एका वेगळ्या स्वॅप फाइलमध्ये टिपत राहतो. साधारण 200 अक्षरं टाइप झाली किंवा 4 सेकंद हात थांबला की नोंद होते. मशीन मध्येच बंद पडलं तर पुढच्या वेळी तो स्वतःच विचारतो, जुनं काम परत आणू का? तुम्ही ही सोय बंद ठेवली आहे, कारण तुम्ही दर दोन मिनिटांनी सेव्ह करता, दिवसातून दहादा गिटमध्ये, म्हणजे कामाच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंद करता आणि त्या जादा फाइली तुमच्या डोळ्यांत खुपतात. तुमच्यापुरतं ते बरोबरच आहे. तिला त्या दिवशी एडिटरमधून बाहेर पडता येईना, म्हणून तिने पॉवरचं बटण दाबून लॅपटॉप बंद केला. मूळ सेटिंग असती तर असाइनमेंट बहुतेक सगळी परत मिळाली असती.

आणि बाहेर पडता न येणं ही मंदबुद्धीची खूण नाही. व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा प्रश्न 2017 पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. त्यांत तुमचे सहकारीही असतील. (मी होते.)

सेटिंग्जच्या फाइलमधली प्रत्येक ओळ हे कुठल्यातरी वैतागाचं उत्तर असतं. तुमच्या 412 ओळी म्हणजे तुमचे 22 वर्षांचे वैताग. तिला अजून ते वैताग आलेलेच नाहीत. त्यामुळे तिच्यासाठी ही फाइल म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांची वही.

आता माऊसबद्दल. ‘खरा प्रोग्रॅमर माऊसला हात लावत नाही आणि बाणांची बटणं वापरत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. एच-जे-के-एल या चार बटणांनी कर्सर हलवण्याची रीत कुठून आली, तेही तिला सांगा. बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास बर्कलेमध्ये व्ही-आय हा व्हिमचा पूर्वज लिहिला तो एडीएम-3ए नावाच्या टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर. त्या कीबोर्डला बाणांची वेगळी बटणंच नव्हती, बाण याच चार अक्षरांच्या बटणांवर छापलेले होते. एस्केपचं बटण आज जिथे टॅब असतं तिथे, करंगळीपाशी होतं. म्हणजे ही तपश्चर्या वगैरे नव्हती, हाताशी असलेल्या यंत्राशी केलेली तडजोड होती. 1991 मध्ये आलेल्या व्हिमने ती पुढे चालवली. रीत आजही झकास चालते, मलाही आवडते. पण तिच्यावरून कोण खरा आणि कोण खोटा हे ठरवू नका.

शिवाय तुम्ही मोजताय तो वेग टायपिंगचा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलीचा वेळ टाइप करण्यात जात नाही, शोधण्यात जातो. हे फंक्शन कुठे लिहिलंय, मघाशी मी कुठल्या फाइलमध्ये होते, हा कंस कुठे बंद होतो. शिकवायचंच असेल तर इथून सुरू करा. तिचा जुना एडिटर व्हीएस कोड होता ना? तो परत टाका. त्यात कंट्रोल-पी दाबून नावाची दोन-चार अक्षरं टाकली की फाइल उघडते. फंक्शनच्या नावावर एफ-12 दाबलं की ते जिथे लिहिलंय तिथे जाता येतं. कंट्रोल-जी ने हव्या त्या क्रमांकाच्या ओळीवर, कंट्रोल आणि उजव्या बाणाने एकेका शब्दावरून उडी. आणि जिथून आलो तिथे परत कसं जायचं हे आवर्जून दाखवा, ते सहसा कोणी दाखवत नाही आणि मुलं दोन उड्यांतच हरवतात. कंट्रोल-शिफ्ट-पी ने उघडणाऱ्या यादीत आज्ञेच्या शेजारीच तिचा शॉर्टकट लिहिलेला असतो, त्यामुळे पाठ करायला वेगळा कागद लागत नाही. आठवड्याला दोन शॉर्टकट पुरेत. तिसरा तिने मागितला तरच.

सेटिंग्जचं काम तिच्यावर सोडा. अक्षर बारीक वाटलं तर ती मोठं करेल. सेव्ह करायचं विसरली तर आपोआप सेव्ह होण्याची सोय शोधेल. अशी पहिली ओळ तिने स्वतः लिहिली की ती का लिहिली हे तिला कायम लक्षात राहील. रंगसंगती बदलण्यात एखादी रात्र घालवलीच, तर घालवू द्या. सगळेच घालवतात.

व्हिम तिला कधीतरी लागेलच, दूरच्या सर्व्हरवर काम करताना दुसरं काही नसतं तेव्हा. त्यासाठी व्हिमबरोबरच येणारा व्हिमट्युटर हा अर्ध्या तासाचा धडा आहे. तो तिने एकटीने, मूळ सेटिंग्जवर करावा. तिथे ‘शब्दाच्या आत, बदल’ अशी आज्ञांची भाषा जुळायला लागली आणि तिला गंमत वाटली, तर तुमची फाइल मागायला ती स्वतः येईल. नाही आली तरी काही बिघडत नाही.

पुढच्या प्रवेश परीक्षांबद्दलही तुम्ही विचारलंय. त्याला अजून तीन वर्षं आहेत, आणि गणितातले 78 पाहता मला त्याची चिंता वाटत नाही.

प्रॅक्टिकलची पुढची परीक्षा सहा आठवड्यांवर आहे, असं तुम्ही लिहिलंत. तोवर मात्र तिने लॅबमध्ये आहे तोच एडिटर, तशाच कोऱ्या अवस्थेत घरी वापरावा, म्हणजे बोटांची ‘जेके’ची सवय सुटेल. संध्याकाळची वीस मिनिटं बंद करा. ती वेळ तिची. तुमची फाइल तिच्या लॅपटॉपवरून काढा, पण काढण्याआधी तिला विचारा, तिचं काही काम त्यात अडकलेलं असेल. आणि माऊस आजच परत द्या.