लॅब नसेल तर मोटर लर्निंगचा, म्हणजे शरीर नवी हालचाल कसं शिकतं याचा, प्रयोग ऑनलाइन केलेला चालतो का?

चालतो. बिनधास्त करा. लॅब नाही आणि गाईड म्हणतात "ऑनलाइन डेटाला कोण विचारतं", म्हणून विषय सोडू का, असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य मी कोल्हापुरात माझ्या व्हायवात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझा प्रयोग नेहमीचाच. हात सरळ नेला तरी कर्सर ३० अंश तिरका जातो, मग हात हळूहळू उलट्या बाजूला वळायला शिकतो. लॅबवाले त्यासाठी रोबोटिक हँडल वापरतात, हात दिसू नये म्हणून वर आडोसा करतात. माझ्याकडे जेएससाइकवर (jsPsych, ब्राउझरमध्ये चालणारे प्रयोग बनवायचं सॉफ्टवेअर) बनवलेली एक लिंक. परीक्षक म्हणाले, "समोर माणूसच नाही, त्यानं मन लावून केलं कशावरून?" अहो सर, ग्राफ बघा की! शेवटी कर्सर गायब केला, "आता हात सरळ लक्ष्याकडे न्या" असं स्पष्ट सांगितलं, तरी हात शिकलेल्या बाजूलाच कलतो. चहा पीत कसंतरी क्लिक करणाऱ्याच्या डेटात हा आफ्टर-इफेक्ट येईल कुठून? लॅबमध्येही याच पुराव्यावर भिस्त असते. सरांनी पान उलटलं आणि संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवर घसरले.

खरी अडचण त्यांनी विचारलीच नाही. आपल्याकडं लिंक पाठवली की पोरं मोबाइलवर उघडतात आणि "भावा, चालंना झालंय" म्हणून मेसेज टाकतात. माउसवाला शोधायचा म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं, नाहीतर राजारामपुरीतले डीटीपीवाले. आणि डीटीपीवाल्याचा माउसवरचा हात म्हणजे तालमीतला गडी, त्याला नवख्यांच्या गटात घालू नका. त्यात जुलैचा पाऊस. लाइट गेली की सेशन अर्धवट.

माउस की ट्रॅकपॅड, हे आधीच विचारून घ्या. रिअॅक्शन टाइममधल्या पाच-दहा मिलिसेकंदांच्या फरकावर निष्कर्ष टांगू नका. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते. हाताचा कोन मात्र घरबसल्याही नीट मोजता येतो.

हां, बळ, तोल किंवा अर्धांगवायूच्या पेशंटचा खांदा असलं काही मोजायचं असेल तर लॅबच लागते. एथिक्स कमिटीची परवानगीही सुटत नाही.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच प्रयोग ऑनलाइन केले, निकाल लॅबशी जुळले, २०२१ मध्ये पेपर आला. त्याची प्रिंट गाईडच्या टेबलावर ठेवा. तरीही व्हायवात कुणी "समोर माणूस नाही" म्हणालंच, तर लॅपटॉप पुढं सरकवा आणि त्यांनाच माउस धरायला लावा.