मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून स्वच्छ हायड्रोजन बनवणं परवडेल का?

तुम्ही विचारलंय, की हे दोन्ही तापमान वाढवणारे वायू वापरून हायड्रोजन काढला, तर एका दगडात दोन पक्षी मरतील का, आणि तो स्वस्त पडेल का? माझं मत स्पष्ट सांगतो: नुसता हायड्रोजन हवा असेल तर या वाटेला जाऊ नये. सोबत निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला पक्कं गिऱ्हाईक असेल, तरच विचार करावा.

साधा वजनाचा हिशोब बघा. 4 किलो मिथेन आणि 11 किलो कार्बन डायऑक्साइड घातला, की समीकरणानुसार हाती येतो 1 किलो हायड्रोजन आणि 14 किलो कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे कारखाना खरा कार्बन मोनॉक्साइडचाच. त्यावर वाफ सोडून आणखी 1 किलो हायड्रोजन काढता येतो, पण मग 22 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आत 11, बाहेर 22! बेरीज-वजाबाकी केली की नेहमीच्या वाफेच्या रिफॉर्मिंगचंच (मिथेनवर वाफ सोडून हायड्रोजन काढायच्या पद्धतीचंच) समीकरण उरतं. बाहेरून कार्बन डायऑक्साइड पकडून, शुद्ध करून आणायचा खर्च तेवढा अंगावर पडतो. सादरीकरणांत नेमकी ही 22 किलोची ओळ गाळून ‘स्वच्छ’ शब्द वापरतात, याची मला चीड येते.

त्यात उष्णता. मिथेनच्या दर मोलमागे (म्हणजे 16 ग्रॅममागे) 247 किलोज्यूल लागतात, वाफेच्या रिफॉर्मिंगला 206. पहिल्या 1 किलो हायड्रोजनमागे ही उष्णता साधारण 17 युनिट (किलोवॅट-तास) होते, आणि त्या हायड्रोजनची स्वतःची ऊर्जा 33 युनिट. उष्णतेसाठी पुन्हा मिथेनच जाळला तर धूर वाढला; वीज वापरली तर विजेचा दर आणि ती कशापासून बनली, यावर सगळं आलं.

उत्प्रेरकाचा खर्च लोक विसरतात. स्वस्तात मिळणारा उत्प्रेरक म्हणजे निकेल, आणि इथे वाफ नसल्यामुळे त्याच्यावर काजळी धरते. कार्बनचे बारीक तंतू निकेलच्या कणाखालून वाढतात, कणाला उचलून धरतात आणि शेवटी उत्प्रेरकाची गोळीच फोडतात. या गोळ्या भरलेल्या नळीत भुगा साचतो, वायूला वाट मिळत नाही, आणि नळीचा तेवढा पट्टा बाकीच्यापेक्षा जास्त लाल दिसू लागतो. मग प्लांट बंद. थोडी वाफ सोडली की हा त्रास कमी होतो, म्हणून व्यवहारात वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मिसळून चालवणं शहाणपणाचं.

हे गणित कुठे जमतं तेही सांगायला हवं. मिड्रेक्स पद्धतीच्या (नैसर्गिक वायू वापरून खनिजातून लोखंड काढणाऱ्या) प्रकल्पात भट्टीतून परत आलेला वायू, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडसकट, नैसर्गिक वायूबरोबर रिफॉर्मरमध्ये घालतात. खनिजातला ऑक्सिजन काढायला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही चालतात, त्यामुळे त्यांना वेगळं करायचा खर्चच नाही. ॲसिटिक ॲसिडसाठीही कार्बन मोनॉक्साइड लागतो, आणि तिथे कार्बन काही काळ तरी मालात अडकून राहतो. इंधन बनवून जाळलं तर तो हवेतच जाणार. बायोगॅसमध्ये दोन्ही वायू आधीच एकत्र असतात, कार्बनही वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला. मला खरी आशा तिथे वाटते, फक्त गंधक आधी नीट काढायला हवं, नाहीतर निकेल मरतं.

तुमच्यापुढे एखादा प्रस्ताव असेल, तर हायड्रोजनचा भाव नंतर बघा. आधी विचारा, की दर किलोमागच्या 14 किलो कार्बन मोनॉक्साइडचं काय करणार, आणि मिथेनची गळती कोण मोजणार. 100 वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 ते 30 पट तापवतो, त्यामुळे थोडी गळतीही मोजावीच लागते.