१२ वर्षांच्या मुलीची पाळी सुरू झाली, पण दीड-दीड महिना येत नाही. हे हार्मोन्समुळे होते का?

होय, बहुतेक वेळा कारण तेच असते. वयात येताना मेंदूतील हायपोथॅलॅमस, सुरुवातीला मुख्यतः रात्रीच्या झोपेत, ठरावीक अंतराने संदेश सोडू लागतो. त्यामुळे पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच व एलएच ही अंडाशयाला चालना देणारी हार्मोन्स स्रवतात आणि अंडाशय इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन तयार करू लागतात. स्तनाग्राखाली हाताला लागणारी छोटी, दुखरी गाठ ही त्याची पहिली खूण असते (अनेक आया तिला उगाच घाबरतात), आणि पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. पहिली एक-दोन वर्षे अनेकदा बीज सुटतच नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन हे पाळी नियमित ठेवणारे दुसरे हार्मोन पुरेसे तयार होत नाही आणि गर्भाशयाचे अस्तर केवळ इस्ट्रोजेनवर वाढत राहून उशिरा गळते. या काळात २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. ९० दिवस उलटले, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.