जागलीचा टॉर्च: एलईडी कुठला, रिफ्लेक्टर केवढा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काटोलकडे संत्र्याची बाग, शेजारी तूर. रात्रीच्या लाइनवर पाणी द्यायला जाता तेव्हा ३०० मीटरवरच्या धुऱ्यावर (बांधावर) रोही (नीलगायी) किंवा डुकरं आलीत का, हे विहिरीपासूनच दिसायला हवं. सी८ जातीचा टॉर्च घरात पडून आहे. त्यात क्रीचा मोठा एलईडी एक्सएचपी७० घालावा की ओसरामचा छोटा एलईडी, आणि रिफ्लेक्टर ठेवावा की भिंग लावावं? वर नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानदाराने १०,००० लुमेनचा तयार टॉर्च दाखवून तुम्हाला बुचकळ्यात टाकलंय.

तो १०,००० चा आकडा आधी डोक्यातून काढा. लुमेन म्हणजे सगळीकडे मिळून पडणारा प्रकाश. पल्ला ठरतो कँडेलावर, म्हणजे एका दिशेला झोत किती तीव्र आहे त्यावर. खोक्यावर छापलेला पल्ला एफएल१ या टॉर्च मोजायच्या मानकाचा असतो: कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. त्या अंतरावर ०.२५ लक्स उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तेवढ्यात तुरीतलं डुक्कर ओळखू येत नाही. छापील पल्ल्याच्या निम्म्यावर १ लक्स मिळतो, तोच खरा कामाचा पल्ला समजा. तुम्हाला ३०० मीटर हवेत, म्हणजे कागदावर ६००, म्हणजे ९०,००० कँडेला.

हे कँडेला दोनच गोष्टींतून येतात: एलईडीच्या प्रकाशणाऱ्या पृष्ठभागाचा दर चौरस मिलिमीटरला तेजस्वीपणा, आणि रिफ्लेक्टरच्या तोंडाचं क्षेत्रफळ. सी८ चं तोंड ४० मिमी धरा, म्हणजे सुमारे १,२५० चौ. मिमी. त्यातला तिसरा हिस्सा तळाचं भोक, काच आणि रिफ्लेक्टरची घट यांत गेला असं माना. आता १ चौ. मिमी डायचा (डाय म्हणजे एलईडीतला प्रकाशणारा चौकोन) ओसराम घ्या. तांब्याच्या बोर्डावर जोर देऊन ७०० लुमेन काढले, तर लुमेन भागिले (३.१४ गुणिले क्षेत्रफळ) या हिशोबाने तेजस्वीपणा दर चौ. मिमीला २२० कँडेलाच्या आसपास येतो. म्हणजे सुमारे १,८०,००० कँडेला, कागदी पल्ला ८५० मीटर. एक्सएचपी७० मधून ४,००० लुमेन निघतील, पण डोमखाली (वरच्या पारदर्शक घुमटाखाली) त्याचा पृष्ठभाग फुगून ३० चौ. मिमीच्या घरात दिसतो. तेजस्वीपणा ४२, कँडेला ३५,००० च्या आसपास. सहापट लुमेन असूनही पल्ला निम्म्याहून कमी. बॅटरी आणि हात मात्र तोच तापवणार.

डोममुळे एलईडीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश वाढतो, पण डाय मोठा दिसायला लागतो आणि तेजस्वीपणा पडतो. म्हणून लांब फेकीला सपाट, बिनडोमचे एलईडी. ब्लेडने डोम उडवण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. हौस म्हणून ठीक, पण सपाट एलईडी आयते मिळत असताना डायवरची तार तोडून घेण्यात काय हशील?

मग सगळ्यात छोटा ओसरामच घ्यायचा का? तुमच्या कामाला मी नाही म्हणेन. डायचा आकार भागिले डायपासून रिफ्लेक्टरच्या पृष्ठभागाचं सरासरी अंतर, गुणिले समोरचं अंतर, साधारण एवढा झोताचा गाभा रुंद असतो. १ मिमीचा डाय आणि ते आतलं अंतर २५ मिमी धरलं तर ३०० मीटरवर १२ मीटर. तुमची झाडं ६ बाय ६ वर असतील, तर एका वेळी दोनच ओळी उजळणार आणि अख्खा धुरा बघायला हात सतत हलवत बसावं लागणार. २ बाय २ मिमीचा डाय असेल तर तोच गाभा २४ मीटर. ल्युमिनसचा एसएफटी-४० सपाट आहे, डाय साधारण ४ चौ. मिमीचा. १,८०० लुमेन काढले तर वरच्याच हिशोबाने १,२०,००० च्या आसपास कँडेला येतात. ९०,००० ची गरज भागली, वर थोडं शिल्लक. माझं मत याच्या बाजूने.

तोही ६५०० केल्विनचा निळसर नको, ५००० केल्विनचा मागवा. कारण डुक्कर. रोह्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, झोत पडला की डोळे लांबूनच लकाकतात. डुकराला तो पडदाच नसतो. त्याला ओळखायचं ते अंगाच्या रंगावरून, काळ्या मातीवर काळपट अंग, आणि निळसर उजेडात दोन्ही एकच होतात.

भिंगाबद्दल. अॅस्फेरिक भिंग एलईडीचा समोरचाच प्रकाश घेतं, बाजूचा टॉर्चच्या आत वाया जातो. लांबवर डायची चौकोनी प्रतिमा दिसते आणि भोवती ठार अंधार. धुऱ्यावरून चालताना पायाशी घोणस असेल तर ती दिसायला स्पिल (झोताभोवतीचा पसरट उजेड) लागतो, आणि तो रिफ्लेक्टरच देतो. टीआयआर ऑप्टिक (भिंग आणि रिफ्लेक्टर एकाच तुकड्यात) छोट्या टॉर्चला छान, तुमच्याकडे ४० मिमीचा रिफ्लेक्टर असताना गरज नाही. गुळगुळीत असेल तोच ठेवा, खडबडीत नको, त्याने गाभा पसरतो. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवर मिळून ८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो, एआर (परतणारा प्रकाश कमी करणाऱ्या) कोटिंगची काच स्वस्तातली सुधारणा आहे. लेझरवाले एलईपी टॉर्च किलोमीटरभर जातात, पण झोत सुतासारखा. शेताला उपयोग शून्य.

बसवताना खरी गोम मध्यावर आणण्यात असते. एसएफटी-४० चं पॅकेज ५०५०, म्हणजे ५ बाय ५ मिमी; सी८ ची सेंटरिंग रिंग (एलईडी मधोमध धरणारी) सहसा त्याच मापाची. ओसरामचा छोटा ३०३०, तो त्या रिंगमध्ये खुळखुळतो आणि झोत एका अंगाला कलतो. बोर्ड तांब्याचाच आणि थेट थर्मल पॅडवाला (एलईडीची उष्णता सरळ तांब्यात जाणारा) घ्या. रिफ्लेक्टरचा अॅल्युमिनियमचा तळ सोल्डरला टेकला की शॉर्ट, म्हणून सोल्डर बसका ठेवा आणि वर केप्टन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या टेपचा) तुकडा लावा. भिंतीवर मधोमध काळा गोल दिसला तर रिफ्लेक्टरची उंची चुकलीय. कागदाइतक्या जाडीनेही फरक पडतो.

लिथियमचा १८६५० सेल जास्त करंट देणारा हवा. त्यावर ९,९०० एमएएच छापलं असेल तर आकडा खोटा, सेल तिथेच ठेवून या. आणि आपल्या मे महिन्यात टिनाच्या खोपीत चार्जिंग नको, बहुतेक लिथियम सेलना चार्जिंगची मर्यादा ४५ अंशांचीच असते. पूर्ण जोर पाच-सात मिनिटांपुरता वापरा, मग खालचा मोड.

झाल्यावर मोजून बघा. १० मीटरवर लक्समीटर धरा (मोबाइलच्या अॅपवर विसंबू नका), आकडा १०० ने गुणा, ते कँडेला. १,००० लक्सच्या वर आला तर काम झालं. ९०० च्या खाली राहिला तर एलईडीला दोष देण्याआधी रिफ्लेक्टरची उंची पुन्हा बघा, मग सेल, आणि शेवटी ड्रायव्हर (एलईडीला करंट देणारं सर्किट) खरंच किती अँपिअर देतोय ते क्लॅम्पमीटरने तपासा.