ती नेहमी खोटंच बोलते

"माझी बहीण अशी का वागते?" किंवा "भाऊ असा का वागतो?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक जण तिशी-चाळिशीतले असतात. नोकरी-संसार व्यवस्थित चाललेला असतो, पण भावंडाचा फोन आला की छातीत धडधडतं. चहाड्या, खोटं बोलणं, पैसे मागणं, आई-बाबांना आपल्या बाजूला ओढणं, नातेवाइकांत बदनामी करणं... तक्रारी थोड्याफार फरकानं त्याच. त्या सांगून झाल्या की आवाज खाली येतो आणि दुसरा प्रश्न निघतो, "सख्ख्या भावंडाबद्दल असं वाटणं म्हणजे मीच वाईट आहे का?" लोक येतात पहिल्या प्रश्नासाठी. झोप मात्र दुसऱ्यानं उडवलेली असते.

अशाच एका दादाबरोबर केलेलं काम इथे मांडते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

धाकट्या बहिणीनं त्याच्याकडून दोनदा पैसे घेतले होते, दोन्ही वेळा वेगळं कारण सांगून. दोन्ही कारणं खोटी निघाली. वर मावशीला तिनं सांगितलं की दादा विचारतसुद्धा नाही. आता तिनं तिसऱ्यांदा पैसे मागितले होते. द्यावे तर राग येई, नाही म्हणावं तर रात्रभर डोळा लागत नसे.

"झोप लागत नाही तेव्हा काय करता?"

तो अवघडला. "सांगायला लाज वाटते. एक ॲनिमेशन मालिका आहे, शाळेत असताना बघायचो. तिचा एक भाग लावतो. किती वेळा पाहिला असेल, मलाच माहीत नाही. बायको म्हणते, या वयात काय कार्टून बघतोस?"

मी त्याला सांगितलं की पुढच्या भेटीत आपण त्याबद्दलच बोलू. त्याला हे अनपेक्षित होतं. माझी मात्र पक्की धारणा आहे, आणि या कामात ती मला पुन्हा पुन्हा खरी ठरताना दिसली आहे, की जाणतं माणूस एकाच गोष्टीकडे वर्षानुवर्षं परत जातं तेव्हा त्याला तिथे काहीतरी बघायचं राहिलेलं असतं. विरंगुळा हवा असता तर दुसरा एखादा भागही चालला असता.

मालिका होती 'अवतार : द लास्ट एअरबेंडर', २००५ ते २००८ या काळात आलेली. तिच्या दुसऱ्या पर्वात 'झुको अलोन' नावाचा भाग आहे. झुको हा देशोधडीला लागलेला राजपुत्र एकटा फिरतो आहे आणि त्याला लहानपण आठवतं आहे, असा तो भाग. अझुला ही त्याची धाकटी बहीण. हुशार, बोलायला तिखट, दुसऱ्याला पेचात टाकून मजा बघणारी. काका युद्धात मुलगा गमावून खचतात, तर ती त्यांनाच पळपुटे ठरवते. या मुलीचं बिनसलंय तरी काय, असं आई वैतागून म्हणते.

"हा भाग बघताना तुम्ही कुठे थांबता? मागे नेऊन पुन्हा कुठला प्रसंग बघता?"

त्याला आठवावं लागलं नाही. "रात्रीचा. मुलगा अंथरुणात असतो. बहीण दाराशी येते आणि सुरात चिडवते, बाबा तुला मारून टाकणार. तेवढ्यात आई येते आणि तिला हाताला धरून घेऊन जाते. मग तो एकटा पडून स्वतःला बजावत राहतो, अझुला नेहमी खोटं बोलते, अझुला नेहमी खोटं बोलते."

"ते ऐकून काय वाटतं?"

"बरं वाटतं. वाटतं, कुणाला तरी कळलंय."

बहुतेकांनी इथेच समाधान मानलं असतं. दुखावलेल्या माणसाला आपल्यासारखा कुणीतरी भेटला, प्रश्न मिटला. पण एवढ्यासाठी तो भाग पाच-दहा वेळा पाहून पुरला असता. मी त्याला तो संपूर्ण भाग तोंडी सांगायला लावला, आणि या वेळी भावाच्या जागेवरून न सांगता बहिणीच्या जागेवरून.

त्यानं सुरुवात केली. दोघं भावंडं पडद्याआड लपली आहेत. समोर आजोबा आणि बाबा. आजोबा संतापतात, तेव्हा भाऊ घाबरून पळून जातो. बहीण तिथेच थांबते. बाबांना मिळालेली शिक्षा तिच्या कानावर पडते, पहिल्या अपत्याला गमावण्याचं दुःख काय असतं ते तुलाही कळलं पाहिजे. रात्री ती भावाच्या दाराशी जाते आणि...

तो बोलायचा थांबला.

"त्या रात्री ती खोटं बोलत होती का?" मी विचारलं.

बराच वेळ तो समोरच्या टेबलाकडे बघत राहिला. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं एक अक्षरही उच्चारलं तर समोरच्याच्या हाताशी आलेलं निसटून जातं, हे मी नव्यानं या कामात येणाऱ्यांना नेहमी सांगते.

"नाही," तो म्हणाला. "ती खरं सांगत होती. सकाळीसुद्धा. आई कुठेय ते कुणालाच माहीत नाही आणि आजोबा गेले, असं ती सांगते. त्याला वाटतं ती घाणेरडी मस्करी करतेय. तेही खरंच असतं." मग जरा वेळानं, "आई जाताना त्याचा निरोप घ्यायला आलेली असते. तिचा घ्यायला गेली का, ते दाखवलेलंच नाही. हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं."

"तुमच्या घरात असं कधी झालं होतं? तिनं काही सांगितलं आणि ते खरं निघालं?"

यावर जे आलं, त्यासाठीच तो इतकी वर्षं तो प्रसंग मागे नेऊन बघत होता, असं मी आजही मानते. बहीण तिसरी-चौथीत असताना एका सकाळी सगळ्यांसमोर बोलून गेली होती, "आई-बाबा वेगळे राहणार आहेत." आईनं तिच्या थोबाडीत मारली. काहीही बरळते म्हणून. दादाला जवळ घेऊन सांगितलं, "तू शहाणा आहेस, तिच्या नादाला लागू नकोस." पुढे काही महिन्यांतच बाबा घर सोडून गेले. त्याच्या आठवणीत बाबांचं जाणं अचानक घडलेलं होतं. अचानक ते घडलंच नव्हतं. घरात एकीला आधीपासून माहीत होतं. तिनं सांगितलं होतं आणि तिला मार बसला होता.

"म्हणजे ती दाराआडून ऐकायची," तो म्हणाला. "आम्ही तिला चोंबडी म्हणायचो."

मी कुटुंबाकडे एकत्रच बघते. मुलाचा स्वभाव असतोच, तो मी नाकारत नाही. पण घरानं त्याला कोणती जागा दिली हे कळल्याशिवाय त्या स्वभावाचा अर्थ लावणं मला धोक्याचं वाटतं. ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी जन्मक्रमाबद्दल लिहिलं तेव्हा त्यांचा भर यावर होता की मूल घरातल्या आपल्या जागेचा स्वतःशी काय अर्थ लावतं. पुढे कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी दाखवलं की दोघांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. हा तिसरा पुष्कळदा घरातलं मूल असतं. आई-बाबांमधला ताण या घरात दोन मुलांनी वाटून घेतला होता. एकानं गप्प बसून शाबासकी मिळवली, दुसरीनं बोलून मार खाल्ला. त्यानंतर तिनं खरं बोलण्यात कसला फायदा बघावा?

शहाण्या ठरवलेल्या मुलाचं नुकसान मला इथे मुद्दाम सांगायचं आहे, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याला रागवायची परवानगी नसते. हट्ट नाही, आरडाओरडा नाही, चुकणंसुद्धा नाही. मोठेपणी भावंडाला नुसतं 'नाही' म्हणायचं झालं तरी त्याला अपराधी वाटतं, कारण त्याची घरातली सगळी किंमत समजूतदारपणावर ठरलेली असते. या दादाची झोप उडण्याचं कारण बहिणीच्या खोटेपणात कमी आणि या जागेत जास्त होतं.

आता तुम्ही विचाराल, मग बहिणीला सगळं माफ करायचं का? अजिबात नाही. तिनं पैसे घेतले ते खरं, कारणं खोटी सांगितली तेही खरं. लहानपणी तिच्यावर अन्याय झाला म्हणून आजचं वागणं योग्य ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्या दोन्ही एकत्र मनात ठेवता येणं, हेच आमच्या पुढच्या भेटींमधलं काम होतं. 'ती अशीच आहे' हा निकाल मनाला सोयीचा असतो. तो एकदा लावला की प्रत्येक वेळी नव्यानं तपासावं लागत नाही. पण त्याच निकालानं मालिकेतल्या मुलाला ऐन धोक्याच्या रात्री आंधळं केलं होतं. आईनं मात्र त्या मुलीचं बोलणं उडवून लावलं नाही. ती तिला बाजूला घेऊन गेली आणि काय चाललंय ते विचारलं. त्या भागात मुलगा जगतो तो त्यामुळेच.

म्हणून भावंडाबद्दल विचार करताना मी लोकांना निकालापासून लांब आणून घटनेपाशी थांबवते. काय घडलं, कधी, तेव्हा घरात आणखी काय चाललं होतं, आणि त्या वेळी तुम्ही कुठे होतात. शेवटचा भाग टाळू नका. आपण फक्त बघे होतो असं बहुतेकांना वाटतं, पण त्या घरात आपल्यालाही एक भूमिका मिळालेली असते आणि ती आपण चोख बजावलेली असते.

भावंडाला इंटरनेटवर वाचलेलं एखाद्या विकाराचं नाव चिकटवू नका. निदान हे समोर बसलेल्या माणसाचं होतं, तेही त्यासाठी शिकलेल्या माणसाकडून. गैरहजर बहिणीचं निदान मी माझ्या खोलीत करत नाही आणि कुणाला करू देत नाही. मात्र मारहाण असेल, धमक्या असतील, लैंगिक त्रास झाला असेल, तर समजून घेण्याची घाई नको. तिथे आधी स्वतःची सुरक्षितता, अंतर आणि गरज पडल्यास कायदा. नातं सख्खं आहे म्हणून त्रास सोसलाच पाहिजे असं नाही.

आई-वडिलांनाही एक सांगते. दोन मुलांना अगदी सारखं वागवणं कुणालाच जमत नाही आणि त्याची गरजही नसते. भावंडांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे की नुसत्या फरकापेक्षा तो फरक आपल्यावर अन्याय करणारा आहे असं वाटणं मुलांना जास्त लागतं. तेव्हा फरक का केला ते मुलांना सांगा. एकाला दुसऱ्यासमोर शहाणा म्हणू नका. आणि घरातलं जे मूल खोटारडं म्हणून ओळखलं जातं, त्याचं बोलणं एकदा शांतपणे तपासून बघा. इतर सगळे गप्प आहेत असं एखादं खरं तेच मूल सांगत असेल.

एखादी गोष्ट तुम्हीही पुन्हा पुन्हा बघत असाल तर त्याची लाज बाळगू नका. तुम्ही कुठे थांबता ते बघा आणि तिथे तुमची नजर कुणाच्या चेहऱ्यावर असते तेही. मग तो प्रसंग ज्याचा तुम्हाला सर्वाधिक राग येतो त्याच्या जागेवरून कुणाला तरी मोठ्यानं सांगून बघा. मनातल्या मनात सांगितलं तर आपण सोयीचं तेवढं गाळतो. मोठ्यानं सांगताना जीभ अडखळते, आणि ती जिथे अडखळते तिथे लक्ष द्या.

या दादानं त्यानंतर मालिकेचा शेवटही पाहिला. एकदा पाहिल्यानंतर तो भाग पुन्हा बघणं तो आजवर टाळत आला होता. त्यात सगळ्यांवरचा विश्वास गमावून बसलेल्या अझुलाला आरशात आई दिसते. माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं आई म्हणते आणि अझुला आरसा फोडते. "पूर्वी मला वाटायचं, तिला शिक्षा झाली ते बरंच झालं," तो म्हणाला. "या वेळी मी टीव्ही बंद करून बहिणीला फोन केला."

त्यानं एवढंच विचारलं, आई-बाबांचं तुला आधी कसं कळलं होतं? ती म्हणाली, "तुला आठवतंय?" मग दोघं बराच वेळ बोलले. बोलणं गोड झालं असं नाही. मध्येच तिनं त्याला ऐकवलं की तू तेव्हा आईच्या मागे लपलास. त्यानं ते मान्य केलं.

पैशांचं सांगायचं राहिलं. त्यानं तिला स्पष्ट सांगितलं की उसने पैसे आता देणार नाही. दवाखान्याचा किंवा घरभाड्याचा खर्च अडला तर तो थेट तिथे भरेन, आणि मावशीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. ती चिडली. तिनं काही आठवडे फोन केला नाही. हे सांगताना त्याला झोपेबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाला, "लागते. वाईट वाटतं, पण झोप लागते." नंतर तिचा फोन आला. पैशांचा विषय तिनं काढला नाही, नोकरीच्या अर्जावर नजर टाकशील का, एवढंच विचारलं. अर्जात अनुभवाची दोन वर्षं जास्त लिहिलेली होती. त्यानं ती तिला दाखवली आणि दुरुस्त करायला सांगितलं.