फ्लँजच्या जोडात आवळलेल्या भागांचा स्टिफनेस कसा काढावा?

फ्लँज म्हणजे बोल्टने जोडायची रुंद कड. बोल्टचा स्टिफनेस (ताठरता, म्हणजे एक मिमी ताणायला किंवा दाबायला लागणारे बल) सहज निघतो, पण आवळलेल्या भागांसाठी किती क्षेत्रफळ धरावे, असा आपला प्रश्न आहे. पूर्ण फ्लँजचे क्षेत्रफळ धरू नये, कारण दाब नटाखालून शंकूसारखा पसरतो आणि बोल्टपासून दूरचे धातू जवळजवळ निष्क्रिय राहते. मी दोन्ही बाजूंनी 30 अंश अर्धकोनाचे शंकूछेद (टोक कापलेले शंकू) धरतो. 45 अंश धरल्यास स्टिफनेस वाजवीपेक्षा जास्त येतो.

समजा, पूर्ण लांबीवर आटे असलेला एम16 स्टड (डोके नसलेला, 16 मिमी व्यासाचा बोल्ट) आहे, दोन पोलादी फ्लँजची मिळून जाडी 40 मिमी, नटाच्या बैठकीचा व्यास 24 मिमी आणि यंग गुणांक (पदार्थाच्या ताठरतेचे माप) 207 गिगापास्कल आहे. या शंकूछेदांवरून भागांचा स्टिफनेस सुमारे 33.3 लाख न्यूटन प्रति मिमी येतो; वाइलमन, चौधरी व ग्रीन यांच्या 1991 च्या घातांकी सूत्राने 33.5 लाख येतो, म्हणजे कोणते सूत्र वापरावे याची चिंता इथे नको. स्टडचा स्टिफनेस 8.1 लाख असल्याने बाहेरून येणाऱ्या भारापैकी साधारण 20 टक्केच स्टडवर वाढतो आणि उरलेला फ्लँजमधील दाब कमी करण्यात खर्च होतो. दोन्ही शंकू एकूण जाडीच्या मध्यावर मिळतात, फ्लँजच्या सांध्यावर नव्हे. जाडी असमान असली की ही चूक हमखास होते. मध्यावर शंकूचा व्यास 47 मिमी होतो, तेव्हा फ्लँजची कड किंवा शेजारचा बोल्ट त्याआधीच आडवा येत असेल, तर क्षेत्रफळ तेवढे कमी करावे.

मात्र या सगळ्याआधी गॅस्केट (गळती रोखायला दोन फ्लँजमध्ये घालायचा मऊ थर) पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. याच जोडात 3 मिमी जाडीचे टेफ्लॉनचे गॅस्केट पूर्ण फ्लँजभर घातले, त्याचा गुणांक 240 मेगापास्कल आणि एका स्टडच्या वाट्याचे क्षेत्रफळ 2000 चौरस मिमी धरले, तर एकट्या गॅस्केटचा स्टिफनेस अवघा 1.6 लाख भरतो. स्प्रिंग एकापुढे एक जोडल्याप्रमाणे व्यस्तांची बेरीज केली की भागांचा एकूण स्टिफनेस 1.53 लाखांवर येतो आणि स्टडवर वाढणारा वाटा 20 वरून 83 टक्क्यांच्या आसपास जातो. भार वारंवार बदलत असेल तर स्टडच्या थकव्याची तपासणी याच आकड्यावर करावी लागते, आणि शंकूचा कोन 30 की 45 हा वाद तिथे गौण ठरतो.

गॅस्केट बोल्टच्या वर्तुळाच्या आत असेल, तर फ्लँज वाकतो. तेव्हा केवळ अक्षाच्या दिशेने केलेला हा हिशेब अपुरा पडतो आणि फ्लँजचे वळणे वेगळे मोजावे लागते.